स्कीमा-शोध साधन
डेटाबेसमधील तक्ते, रकाने व त्यांचे परस्परसंबंध हुडकून एआय एजंटला पुरवणारे साधन. डेटाबेसची रचनाही त्याच्याच प्रश्नभाषेत विचारता यावी, हा संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा १९८५ मधला नियम. एसक्यूएल-९२ मानकातील ‘इन्फर्मेशन स्कीमा’ ही रचनेची सूची त्याच वाटेवरची. मग वेगळे साधन कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण ती सूची नावे, प्रकार आणि बंधने सांगते, अर्थ नव्हे. ‘एसटी_सीडी’ नावाचा रकाना म्हणजे राज्य की स्थिती, हे तिला ठाऊक नसते. माणूस सहकाऱ्याला विचारतो, एजंट अंदाज बांधतो, आणि चुकीच्या रकान्यावरची क्वेरीही बिनतक्रार चालते. सगळी रचना एकदम एजंटपुढे ठेवली, तर हजारो रकान्यांत नेमका रकाना हरवतो. म्हणून नेमका शोध हवा; पण शोधपद्धतीइतकेच मोल दस्तऐवजीकरणाला आहे: रकान्याचे एकक, रिकाम्या नोंदीचा अर्थ, बाद झालेला तक्ता, हे जाणकार माणसालाच लिहावे लागते.