मोजपट्टी झालेले यंत्र

१९७७ साली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हॅक्स-११/७८० हा संगणक बाजारात आणला. सेकंदाला दहा लाख आज्ञा पाळणारे, म्हणजे ‘१ मिप्स’चे यंत्र अशी त्याची ख्याती झाली. पुढे कित्येक वर्षे नव्या प्रोसेसरचा वेग ‘इतक्या व्हॅक्सएवढा’ असाच सांगितला जाई.

ही ख्याती मात्र उसनी होती. आयबीएमचे ३७०/१५८ हे यंत्र १ मिप्सचे मानले जाई. व्हॅक्स साधारण त्याच्याच वेगाने कामे उरकी, म्हणून तोही १ मिप्सचा ठरला. आज्ञा कोणी मोजल्याच नव्हत्या!

त्या मोजल्या जोएल एमर आणि डग्लस क्लार्क यांनी. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्हॅक्सच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ५० लाख. एका आज्ञेला सरासरी १०.६ ठोके लागत. भागाकार येतो पावणेपाच लाखांहूनही किंचित कमी. दहा लाखांचा निम्माही नाही.

तरीही व्हॅक्स मंद नव्हता. त्याची एकेक आज्ञा भरगच्च असे. तेवढ्याच कामासाठी साध्या प्रोसेसरला अनेक आज्ञा लागत. म्हणजे आज्ञा मोजणे हाच मार्ग चुकीचा होता. सर्वांना एकच काम द्यावे आणि वेळ मोजावा, हे बेंचमार्कचे तत्त्व.

असा एक बेंचमार्क, व्हेटस्टोन, १९७२ सालीच ब्रिटनमध्ये तयार झाला होता. त्याचा भर दशांश-गणितावर. १९८४ साली राइनहोल्ड वायकर यांनी पूर्णांक आणि अक्षरमालांच्या कामांसाठी ‘ड्रायस्टोन’ लिहिला. वेट आणि ड्राय, ही कोटी जाणूनबुजून केलेली! व्हॅक्स सेकंदाला १७५७ ड्रायस्टोन फेऱ्या करी. प्रतिस्पर्ध्याच्या आकड्याला १७५७ ने भागले, की त्याचे ‘मिप्स’ तयार. निम्मे खोटे असलेले ते एकक असे पुन्हा रूढ झाले.

पण ड्रायस्टोन छोटा होता, आणि हुशार कंपायलर त्यातले निरुपयोगी काम गाळून टाकत. वेग वाढे तो कागदावर. म्हणून १९८८ साली कंपन्यांनी एकत्र येऊन ‘स्पेक’ ही संस्था स्थापली आणि प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रामांवर भर दिला. तिथेही एक फट राहिलीच. ‘मॅट्रिक्स३००’ या चाचणीचा जवळजवळ सगळा वेळ प्रोग्रामच्या एकाच ओळीत जाई. कंपायलरकारांनी ती ओळ हेरली. यंत्र तेच राहिले आणि गुण कित्येक पटींनी चढले. १९९२ च्या संचातून ही चाचणी वगळावी लागली.

व्हॅक्स मात्र तुलनेचा आधार म्हणून तेव्हाही टिकून होता. १९९५ च्या संचात ती जागा सनच्या स्पार्कस्टेशन १०/४० ने घेतली.