पद्मिनीच्या टाकींतील इतिहास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं ताम्रपट, बखरी आणि शिलालेख आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. आज ज्या साधनाविषयीं मी बोलणार आहें, तें मात्र पत्र्याचें असून त्याला जुन्या वार्निशासारखा आंबूस वास येतो. भिवंडींतील एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या कारखान्यांत तीस वर्षें उभ्या राहिलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीची ती पेट्रोलची टाकी होय.

ही गाडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांची. १९९४ सालीं ते वारले आणि गाडीवर ताडपत्री पडली ती पडलीच. पुढें कारखान्याची जागा गोदामासाठीं देण्याचें ठरलें, तेव्हां गाडी भंगारांत घालावी कीं चालती करावी, हा प्रश्न उभा राहिला. तो मला म्हणाला, "गुरुजी, वजनावर विकली तर चार पैसे येतील, पण बाबांच्या हातची म्हणावी अशी एवढी एकच वस्तु उरली आहे." गाडी राखावी, असेंच मीं सांगितलें. त्याला भावनेपलीकडचेंही एक कारण होतें.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ सालीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें कुर्ल्याच्या कारखान्यांतून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. १९५१ पासून इटलीच्या फियाट कंपनीच्या लहान गाड्या तेथें जुळविल्या जाऊं लागल्या. १९६४ सालीं फियाट ११०० डिलाइट आली, आणि १९७४ पासून तिलाच आपण पद्मिनी म्हणूं लागलों. मुंबईंतील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. म्हणून अशी एक गाडी राखणें म्हणजे या प्रांताच्या उद्योगाचा एक साक्षीदार राखणें होय.

परंतु साक्षीदाराला बोलतें करण्याचीही एक रीत असते. घरांतील एका उत्साही तरुणानें बॅटरी नवी बसविली, टाकींत पांच लिटर पेट्रोल ओतलें आणि किल्ली फिरविली. इंजिन दोनदां खोकलें, क्षणभर चाललें आणि बंद पडलें. पाहतों तों खालीं फरशीवर पेट्रोलचा ओघळ! जवळ कोणी विडी ओढत नव्हतें, हें दैवच म्हणावयाचें. तेव्हां एका वृद्ध मिस्त्रींना बोलावणें धाडलें. त्यांनीं प्रथम बॅटरीची तार सोडली आणि मग म्हणाले, "मास्तर, इंजिनाला कांहींएक झालेलें नाहीं. रोग पोटांत आहे. टाकीपासून आरंभ करूं."

हा रोग समजून घेण्यासारखा आहे. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक द्रवांचें मिश्रण आहे. गाडी उभी राहिली कीं त्यांतील हलके द्रव आधीं उडून जातात. मग इंजिन सुरू होण्यास कठीण होऊन बसतें. राहिलेल्या भागाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर जमतो. टाकी अर्धी रिकामी असेल, तर आपल्याकडच्या पावसाळ्यांतील दमट हवा आंत शिरते, रात्रीच्या गारव्यानें तिचें पाणी होतें, तें पेट्रोलखालीं तळाशीं बसतें आणि पत्रा आंतून गंजूं लागतो. असे तीस पावसाळे त्या टाकीनें काढले होते. नव्या पेट्रोलनें तो डिंक व गंज सुटा केला, आणि सारा गाळ कार्ब्युरेटरकडे वाहून गेला.

मिस्त्रींनीं जुनें पेट्रोल उघड्या हवेंत पत्र्याच्या डब्यांत काढलें. तें गटारांत ओतूं दिलें नाहीं. कारण गटाराचें पाणी शेवटीं कामवारी नदीलाच मिळतें. टाकीला सुईच्या टोंकाएवढें छिद्र होतें. "आतांच डाग देऊन टाकूं," असें कोणी म्हणालें, तेव्हां मिस्त्री संतापले. भरल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी अधिक घातक, कारण तिच्यांत पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र कोंडलेली असतात; ठिणगी पडली कीं स्फोट! टाकी वारंवार पाण्यानें धुतली, आंत साखळी घालून खळखळविली, सायट्रिक ॲसिडाच्या पाण्यानें गंज काढला, सोड्याच्या पाण्यानें आम्ल मारलें व कडक उन्हांत वाळविली. मगच डाग दिला.

त्यानंतर नळी. तिच्यांत उलट दिशेनें, म्हणजे इंजिनाच्या बाजूनें, हवा मारली, म्हणजे गाळ पुढें न सरकतां मागें पडतो. रबराचे सर्व तुकडे बदलले. पेट्रोल खेचणाऱ्या पंपाचा पडदा फाटलेला निघाला; ओघळाचें मूळ तेंच. असा पडदा फाटला कीं पेट्रोल इंजिनाच्या तेलांतही उतरतें, म्हणून तेलही बदललें. कार्ब्युरेटर खोलून जेट धुतले. त्यांत तार मात्र घालूं दिली नाहीं. छिद्र केसभर मोठें झालें तरी हवा-पेट्रोलचें प्रमाण कायमचें बिघडतें.

आतां मुख्य गोष्ट. टाकींतून काढलेलें पेट्रोल १९९४ सालचें, म्हणजे शिशाचें होतें. इंजिनांतील ठोका थांबविण्यासाठीं पेट्रोलांत शिशाचें संयुग घालण्याची युक्ति अमेरिकेंत टॉमस मिजली यानें १९२१ सालीं शोधली. शिसें विषारी, विशेषतः लहान मुलांस. म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून तें भारतभर बंद झालें, आणि २०२१ सालीं अल्जीरियानें बंद केल्यावर जगांतील मोटारींच्या पेट्रोलांतून तें गेलें. त्याच सुमारास दुसरा पदार्थ आला. २००१ सालीं मिरज व मनमाड येथें पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याचे प्रयोग झाले. २०२३ पासून वीस टक्के मद्यार्काचें पेट्रोल मिळूं लागलें आणि २०२५ पर्यंत तें देशभर रूढ झालें. मद्यार्क पाणी शोषून घेतो आणि जुन्या जातीच्या रबरास फुगवितो. पद्मिनी घडविली गेली, तेव्हां हा पाहुणा तिच्या घरीं येईल अशी कोणाची कल्पना नव्हती.

यांत नियतीचा एक विनोदही आहे. हा मद्यार्क मुख्यतः उसापासून व धान्यापासून होतो; आणि रावळगाव व वालचंदनगर येथें साखर कारखाने उभारणारे गृहस्थ, श्रोतेहो, हेच वालचंद हिराचंद! त्यांच्या एका उद्योगाचें अपत्य दुसऱ्याच्या अपत्यास असें पोटांतून पोखरीत आहे. यांत दोष कोणाचाही नाहीं. काळ बदलतो, तसें इंधनही बदलतें. उभें राहिलेलें यंत्र मात्र आपल्याच काळाचें इंधन पोटांत धरून बसतें. तें पुन्हां चालवावयाचें तर जुना काळ आधीं हळूच बाहेर काढावा लागतो, आणि नवा काळ त्यास सोसेल अशी तजवीज करावी लागते. त्या गाडीस आतां मद्यार्क सोसणाऱ्या नळ्या व पडदा बसविला आहे, आणि दर पंधरा दिवसांनीं तिला फिरवून आणण्याचा नेम आहे.

गाडी सुरू झाली त्या सकाळीं मिस्त्रींनीं टाकी जोडलीच नव्हती. बाटलीभर स्वच्छ पेट्रोल उंच धरून नळीनें दिलें, सर्व सांधे बोटानें चाचपले, आणि मगच किल्ली फिरविली. इंजिनानें तिसऱ्या खेपेस सूर धरला. माझा विद्यार्थी कांहीं बोलला नाहीं. नुसता चाकावर हात ठेवून बसून राहिला.

आपल्यापैकीं कोणाच्या दारीं अशी मोटार ताडपत्रीखालीं असेल, तर एवढीच विनंति: किल्लीला हात लावण्यापूर्वीं टाकी उघडून पाहा.