धोबी, हंस आणि वारकरी

युरोपातल्या पक्षिनिरीक्षकाचा वसंत म्हणजे पाखरं येण्याचा ऋतू. आपल्याकडे गणित उलटं. होळीची राख निवते न निवते तोच उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावरची गर्दी पातळ व्हायला लागते आणि चैत्र सरेपर्यंत उत्तरेकडची बहुतेक मंडळी निघून गेलेली असतात. या जाण्याला मराठीत स्वतःचं असं नाव नाही. येणाऱ्या पाखरांना आपण भरभरून नावं दिली. त्यांच्या जाण्याकडे भाषेचं फारसं लक्ष गेलेलं दिसत नाही.

‘स्थलांतर’ आहे की, असं कुणी म्हणेल. पण तो शब्द नीट बघावा. संस्कृत समासाच्या शेवटी आलेल्या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’ असा होतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसं स्थलांतर म्हणजे दुसरं स्थळ. पूर आला की गावकऱ्यांचं ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर’ होतं, कचेरीचं नव्या इमारतीत स्थलांतर होतं. यात परत येण्याची हमी कुठेच नाही. पाखराच्या प्रवासाचा तर गाभाच परतणं हा. म्हणून मग पक्षितज्ज्ञांना ‘परतीचं स्थलांतर’ अशी जोडणी करावी लागते आणि त्यातही परत कुठे, हा प्रश्न उरतोच. पांढरा धोबी सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे उतरतो आणि मार्च-एप्रिलात जातो. वर्षाचे सहा-सात महिने तो इथे काढतो. त्याचं ‘पहिलं’ स्थळ कोणतं आणि ‘दुसरं’ कोणतं?

धोबी, किंवा परीट. नदीच्या कडेला, ओल्या हिरवळीवर, अगदी वाहनतळाच्या फरशीवरसुद्धा तुरुतुरु पळणारं, करडं-पांढरं-काळं, सडपातळ पाखरू. थांबलं की शेपटी वरखाली, वरखाली. घाटावर कपडे आपटणाऱ्या परटाची लय ज्यानं पाहिली आहे त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. शिवाय पाखरूही घाटावरच सापडणारं. आता हेच नाव स्पेनमध्ये बघा. तिथे या पाखराला ‘लावांदेरा’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘लावांदियेर’. दोन्हींचा अर्थ कपडे धुणारी बाई. फरक एवढाच की आपल्याकडे हे काम पुरुषाचं मानलं आणि तिकडे बाईचं. ही नावं कुणी कुणाकडून उसनी घेतल्याची काही खूण नाही. नदीकाठ तोच, शेपटी तीच, धुणंही तेच; लोकांना एकच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली.

शास्त्रीय नावाची कथा तर अधिक मजेदार. लॅटिनमध्ये रोमन पंडित वारोनं या पाखराला ‘मोतासिला’ म्हटलं, म्हणजे सतत हलणारं इवलंसं काहीतरी. त्यातलं ‘सिला’ हे नुसतं लाडाचं, लघुत्वदर्शक शेपूट. पुढच्या काळातल्या पंडितांनी शब्दाची फोड चुकीची केली: ‘मोता’ म्हणजे हलणारी, तर ‘सिला’ म्हणजे शेपटी असली पाहिजे! लॅटिनमध्ये ‘सिला’चा अर्थ शेपटी कधीच नव्हता. पण चूक रूढ झाली आणि त्या चुकीवर नवी नावं बेतली गेली. पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाचं शास्त्रीय नाव ‘अल्बिसिला’, म्हणजे ‘पांढरशेपट्या’. धोब्याच्या नावातून गळून पडलेली, मुळात नसलेलीच शेपटी एका गरुडाला कायमची चिकटली.

आपल्या पंडितांनी त्याच पाखराला ‘खंजन’ आणि ‘खंजरीट’ म्हटलं. खंज म्हणजे लंगडा. चालीतला झोका त्यांना लंगडण्यासारखा वाटला असावा. (खंजरीट आणि परीट यांचं यमक जुळतं म्हणून त्यांचं नातं जोडण्याचा मोह आवरावा. यमकावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.) सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खंजनाच्या दर्शनावर एक अख्खा अध्याय आहे. पाखरू प्रथम कुठे दिसलं, कसल्या जागी बसलेलं दिसलं, त्यावरून शुभाशुभ. म्हणजे येण्याची नोंद इतकी काटेकोर, की त्यावरून भविष्य सांगायचं. आणि जाण्याचं काय? त्यावर उत्तर भारतात एक समजूत आहे: खंजनाच्या डोक्यावर तुरा उगवला की तो दिसेनासा होतो. पाखरू गेलेलं नाही, तुम्हाला दिसत नाही इतकंच! मला ही समजूत फार आवडते. तिच्या मुळाशी थोडं निरीक्षणही असावं. जाण्याआधी पाखराच्या अंगावर काहीतरी बदलतं, हे कुणीतरी पाहिलेलं आहे. धोब्याला तुरा फुटत नाही, पण मार्चमध्ये त्याच्या गळ्याकडे नीट बघा. हिवाळाभर गळा पांढरा आणि छातीवर काळी चंद्रकोर असते. आता ती कोर वर चढते, हनुवटीपर्यंतचा गळा काळा होतो, करडी पाठ उजळते. गडी लग्नाचे कपडे आपल्याच अंगणात घालतो आणि वरातीला सायबेरियाकडे निघून जातो.

खाटकाची गोष्ट याच जातीची, म्हणून थोडक्यात. भक्ष्य काट्याला खोचून ठेवणारा हा पक्षी मराठीत खाटीक, लॅटिनमध्ये ‘लानियस’, आणि लानियस म्हणजे खाटीकच. आपला शब्द संस्कृत ‘खट्टिक’वरून आला, त्यांचा त्यांच्या बाजारातून. त्यातला तपकिरी खाटीक हिवाळी आहे, तोही एप्रिलपर्यंत वाट धरतो. गप्पीदास मात्र मला संशयास्पद वाटतो. माळावरच्या काटेरी झुडपाच्या शेंड्यावर बसून दोन दगड एकमेकांवर टकटकवावेत असा आवाज काढणारं हे छोटं पाखरू. इंग्रजीत ते ‘स्टोनचॅट’. तिथला ‘चॅट’ हा त्या आवाजाचीच नक्कल. आपल्याकडे कुणीतरी त्या ‘चॅट’चा अर्थ गप्पा असा लावून गप्पीदास घडवला असावा, असं माझं मत आहे. नाव झकास आहे यात वाद नाही. पण ते माळावर जन्मलेलं वाटत नाही, टेबलावर जन्मलेलं वाटतं.

हंसाचं प्रकरण जुनं आणि गुंतागुंतीचं. शब्द तर इतका जुना की जर्मन ‘गान्स’, रशियन ‘गुस’, इंग्रजी ‘गूस’ आणि लॅटिन ‘आन्सर’ हे सगळे त्याचे सख्खे भाऊ. ‘आन्सर’च्या तोंडातला ‘ह’ वाटेत कुठेतरी गळाला. या सगळ्या भाषांत शब्दाचा अर्थ एकच, कलहंस जातीचा मोठा पाणपक्षी. आपल्या मनातला हंस मात्र लांब वाकड्या मानेचा, शुभ्र, आरशासारख्या तळ्यात तरंगणारा. ते चित्र युरोपातल्या ‘स्वान’चं आहे आणि तो पक्षी भारतात क्वचितच येतो. संस्कृत कवींनी डोळ्यांनी पाहिलेला हंस बहुतेक दुसराच: करडा, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असलेला, ज्याला मराठी पक्षिनिरीक्षक पट्टकदंब किंवा राजहंस म्हणतात. त्यातल्या कदंबाचं मूळ संस्कृत ‘कादंब’, तोही हंसाचाच एक प्रकार. हा राजहंस हिमालय ओलांडून येतो. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा घातलेले राजहंस विदर्भातल्या तलावांवर दिसले आहेत.

विदर्भ म्हटलं की रामटेक आलंच. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. त्या काव्यात ढगाला वाटेत सोबत मिळते ती राजहंसांची. कमळाच्या कोवळ्या देठांची शिदोरी घेऊन ते कैलासापर्यंत, मानससरोवराकडे चाललेले असतात. पुढे हिमालयातल्या ज्या खिंडीतून ते पार होतात तिचं नाव कालिदासानं ‘हंसद्वार’ दिलं आहे, आणि तीच ‘क्रौंचरंध्र’ही. पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेला नाव देणारं याहून जुनं आणि याहून नेमकं काही मला ठाऊक नाही. दिशा अचूक आहे. तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी राजहंस खरोखरच घरटी करतात. शिदोरीही खरी, फक्त ती चोचीत नसते. निघण्यापूर्वी पक्षी चरून चरून अंगावर चरबी चढवतात, तीच वाटखर्ची. तिथी तेवढी चुकली. राजहंस फाल्गुन-चैत्रातच आपला मुलूख सोडतात. आषाढाच्या पहिल्या दिवशी निघालेल्या ढगाला एकही राजहंस वाटेत भेटायचा नाही. तोवर पठारावर त्यांची पिल्लं पाण्यात उतरलेली असतात. कालिदासाला हे माहीत नव्हतं असं म्हणायला मी धजत नाही. कवीला ढग आणि हंस एका आभाळात हवे होते.

शेतकऱ्याला असली चैन परवडत नाही. त्याची नावं हंगामाशी बांधलेली. ज्वारी हुरड्यात आली की ‘भोरड्या पडल्या’ म्हणतात. टोळधाड पडते, दरोडा पडतो, तशा भोरड्या पडतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैनांचे थवेच्या थवे कणसांवर उतरतात आणि माचाणावरून गोफणी सुटतात. याच पाखराचं दुसरं नाव पळसमैना. हे नाव शिशिर-वसंताच्या सांध्यावरचं. ज्वारी खळ्यात गेली, पळस, पांगारा, काटेसावर फुलली, की भोरड्या फुलांतला मकरंद पिताना दिसतात. चोच, कपाळ परागांनी माखलेलं. त्यानंतर त्या निघतात, मध्य आशियातल्या दगडांच्या कपारींत घरटी करायला. तिथे त्या टोळांचा फडशा पाडतात, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला त्या हव्याशा. एकच पाखरू, आणि शिवी कुठली नि कौतुक कुठलं, हे तुम्ही त्याला कोणत्या महिन्यात भेटता यावर. जाण्याच्या तोंडावरचं रूप टिपणारं पळसमैना हे एक नाव मराठीला सापडलं, याची मात्र नोंद करायला हवी.

उलट दिशेचा, म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्यांचा किंवा बोलू लागणाऱ्यांचा संप्रदाय लहान, पण मानाचा. पावशा तर नावातच पाऊस घेऊन बसलेला. त्याच्या ओरडण्यात मराठी कुणब्यानं ‘पेरते व्हा’ ऐकलं, हिंदी भाषकानं ‘पी कहाँ’ आणि उन्हाळ्यानं कावलेल्या इंग्रजानं ‘ब्रेन फीव्हर’. तिघांची चिंता वेगळी. चातक वळवाच्या सुमारास आफ्रिकेकडून येतो. धातुपाठात ‘चत्’ म्हणजे याचना करणे, त्यावरून चातक म्हणजे याचक असं सांगतात. तहानलेल्या चातकाच्या कल्पनेला ते सोयीचंही आहे. मे महिन्यात दक्षिणेकडून येणारा नवरंग इंग्रजीत आणि शास्त्रीय नावात ‘पिट्टा’ आहे. भारदस्त वाटणारा हा शब्द सोलापूर-नांदेडकडच्या तेलुगू शेजाऱ्याला विचारा. तेलुगूत पिट्ट म्हणजे नुसतं पाखरू. कुणा साहेबानं बोट दाखवून नाव विचारलं असेल आणि समोरच्यानं खरं ते सांगितलं असेल.

तर या सगळ्यांना एकत्र काय म्हणायचं? वर्तमानपत्रांना ‘परदेशी पाहुणे’ लाडके. पाहुणा हा शब्द संस्कृत ‘प्राघूर्ण’वरून आला, त्यात घूर्ण म्हणजे गरगर फिरणं आहे. मुळात पाहुणा म्हणजे भटक्या. त्या अर्थी तो चालला असता. माळभिंगरी या पाखराच्या नावातली भिंगरीही तेच सांगते, आणि पायाला भिंगरी असलेला माणूसही. पण आजच्या मराठीत पाहुणा म्हणजे ज्याचं हे घर नाही तो. सात महिने राहणाऱ्याला पाहुणा म्हणणं हे घरमालकाचं बोलणं झालं.

मराठीकडे याहून चांगला शब्द आहे आणि तो एका पाखराला आधीच मिळालेला आहे. तळ्यावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा ल्यालेला चांदवा पोहतो, त्याला वारकरी म्हणतात. नाव टिळ्यावरून पडलं हे उघड. पण वारी म्हणजे खेप, पाळी, पुन्हा पुन्हा येणं. ‘वारंवार’मध्ये तोच वार आहे. जो जातो आणि ठरल्या वेळी परत येतो तो वारकरी. त्याला दोन्ही घरं आपली. स्थलांतर, मायग्रेशन, पाहुणे या तिन्हींपेक्षा वारी हा शब्द पाखरांच्या प्रवासाला अधिक नेमका बसतो आणि पक्षिमित्रांनी तो बिनदिक्कत वापरावा.

एक विनंती. पहिला धोबी कधी दिसला हे पुष्कळ जण टिपून ठेवतात. यंदा शेवटचा कधी दिसला तेही टिपा. आणि शेजारी तुमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्याचं जे नाव असेल, ते जसं ऐकाल तसंच लिहा. कोशातलं नाव कधीही मिळेल, ते मिळायचं नाही.