स्टेशनरी : एकाच दुकानातून निघालेले दोन शब्द

मी केळझरचा, म्हंजे नागपूर-वर्धा रस्त्यावरच्या गावचा. आजचा शब्द कुठल्याही गावात दुकानाच्या पाटीवर दिसेल: स्टेशनरी. देवनागरीत काही भानगडच नाही. इंग्रजीत मात्र शब्द दोन आणि उच्चार एकच. वही-पेनवाल्याच्या शेवटी ‘ईआरवाय’. स्थिर या अर्थाचा, फिजिक्समधल्या स्टेशनरी वेव्हचा, तो ‘एआरवाय’. परीक्षेत हा प्रश्न आला की मराठी मिडियमच्या पोरांना वाटतं, आपलंच इंग्रजी कच्चं.

पण इतिहास पाहा. दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं. ‘स्टॅटिओ’ म्हणजे उभं राहायची जागा. आपल्या आठवडी बाजारात कसं, आज या गावात पाल, उद्या त्या गावात. मध्ययुगीन युरोपातही पुष्कळ विक्रेते असेच फिरते. विद्यापीठाच्या गावात पुस्तकवाला मात्र एकाच जागी दुकान मांडून बसायचा, म्हणून तो ‘स्टेशनर’. बोलोन्या, पॅरिसला हे लोक पुस्तकाचे सुटे भाग भाड्याने द्यायचे. विद्यार्थ्याने नक्कल करायची, परत आणून द्यायचं. दरावर विद्यापीठाचं लक्ष. झेरॉक्सवालाच म्हणा ना!

लंडनमध्ये 1403 साली यांचा संघ झाला. 1557 ला राजसनद मिळाली आणि इंग्लंडातली छपाई बहुतेक त्यांच्याच हातात गेली. लेखकाला कायद्याने हक्क मिळायला 1710 उजाडलं.

तर स्पेलिंग. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. दुकानदाराचा ‘ईआर’ तसाच राहिला. स्थिरवाल्यात दुकानदार नाही, तो सरळ लॅटिनमधून आला, म्हणून ‘ए’. आणि गंमत म्हंजे जुन्या इंग्रजी छापील मजकुरात कागदाच्या मालालाही ‘ए’ लावलेला सापडतो. म्हंजे खुद्द इंग्रजांचंही सुरुवातीला एकमत नव्हतं. त्यामुळे या स्पेलिंगवरून कुणाची हुशारी मोजणं मला तरी पटत नाही.

आपलं ‘स्था’ आणि लॅटिनचं ‘स्तारे’, उभं राहणं, हे एकाच कुळातले. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, ‘स्टेशन’ आपल्या तोंडी बसलं. एसटीने पाटीवर लिहिलं ‘बसस्थानक’. दोन्ही नात्याने भाऊच. वही-पेनाला मात्र सरकारी मराठीत ‘लेखनसामग्री’ म्हणतात. तिथे दुकानदारही गेला आणि घोळही.