तंजावरच्या भिंतीवरील मराठी

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. शाळेतल्या इतिहासात तंजावर एका ओळीत आटोपले होते : शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिकडे राज्य स्थापले. गेल्या वर्षी रामेश्वरच्या यात्रेस जाताना तो मुलूख पाहण्याचा योग आला.

आधी आम्ही तरंगमबाडीचा समुद्र पाहिला. डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी १६२० साली बांधलेला किल्ला तेथे पाण्याच्या काठाशी उभा आहे. तेथून तंजावरपर्यंत भाताची शेतेच शेते. माझ्या माहेरी कोकणात खाचरे डोंगराला बिलगून असतात. येथे नजर पोचेल तेथवर सपाट, आणि कावेरीचे पाणी पाटापाटांतून खेळवलेले. एवढे अन्न पिकवणाऱ्या भूमीवर सर्वांचाच डोळा असणार, हे गृहिणीला सांगावे लागत नाही.

तंजावर शहरात राजराज चोळाचे १०१० साली पूर्ण झालेले बृहदीश्वराचे प्रचंड देऊळ आहे. त्याच्या आवाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास कोरवून घेतला. अक्षर देवनागरी, भाषा मराठी! चहूकडे तामिळ ऐकून बावरलेली मी बोट ठेवून एकेक शब्द लावू लागले. माझी सातवी त्या दिवशी कामी आली.

सरफोजींच्या हाती तेव्हा फारशी सत्ता उरली नव्हती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला होता. पण त्यांनी ग्रंथ जमवले आणि वाटसरूंसाठी अन्नछत्रे चालवली. ओरत्तनाडूला मुक्तांबाबाईंच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र आम्ही वाटेत पाहिले. १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात राजांनी छत्रांची व्यवस्था सांगितली आहे. वाटेत अडलेल्या गर्भवतीचे बाळंतपण तेथे होई, आणि पुढे तीन महिने तिला राहता येई. हे ऐकून माझे डोळे भरून आले.

सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे १८५५ साली वारले. मुलगा नव्हता. कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि राण्यांच्या खाजगी मालमत्तेवरही हात टाकला. थोरल्या राणी कामाक्षीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या न्यायालयात दावा लावला आणि जिंकला! पुढे १८५९ मध्ये विलायतेतील प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. सरकारच्या राजकीय कृत्याचा न्याय न्यायालयाला करता येत नाही, असे ठरले. तरी १८६२ साली सरकारने खाजगी मालमत्ता राण्यांना परत दिली. आपल्या शाळेच्या पुस्तकात या बाईंचे नाव मला आठवत नाही.

सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ताडपत्रे, पोथ्या, मराठी हस्तलिखिते तेथे जपली आहेत. दरबारच्या मोडी कागदांच्या बासनांची गोष्ट निघाली, तेव्हा मात्र मला मान वर करवेना. आमच्या घरीही आजेसासऱ्यांचे मोडी दप्तर होते. घराला रंग देताना, “कोणाला वाचता येते?” म्हणून मीच ते रद्दीत दिले. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “विचारायचे तरी होतेस, बाई.” त्यात काय होते, ते आता कोणालाच कळणार नाही.

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या कपाटात पहिल्या सभांची टिपणे आहेत. तळच्या वह्यांना वाळवी लागू लागली आहे. येत्या शनिवारी मी कडुनिंबाचा पाला आणि स्वच्छ फडकी घेऊन येणार आहे. ज्यांना सवड असेल त्यांनी हात लावावा. राज्य राखणे आपल्या हाती नव्हते. वह्या राखणे आहे.