अवशेषमंजूषा, ख्रिस्ती
संतांच्या अस्थी, वस्त्रे वा त्यांच्या स्पर्शाने पुनीत मानलेल्या वस्तू जतन करण्याकरिता घडविलेली पेटी. निकाया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने (७८७) चर्चच्या प्रतिष्ठापनेसाठी असे अवशेष आवश्यक ठरविल्यानंतर यूरोपात त्यांची मागणी फार वाढली. मंजूषेची कल्पना भारतास अपरिचित नव्हती. सोपारा येथील स्तूपात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, स्फटिक, सोने इत्यादींचे करंडक मिळाले होते. मात्र बौद्ध करंडक स्तूपाच्या गर्भात लुप्त होत असे, तर ख्रिस्ती मंजूषा वेदीजवळ, भाविकांच्या दृष्टीसमोर राही. तिच्या अलंकरणाचे मर्म यातच आहे.

मध्ययुगीन मंजूषांचा सर्वांत रूढ आकार उतरत्या छपराच्या घराचा वा लहानशा चर्चचा होय; हात, मस्तक अशा अवयवांच्या आकाराच्या मंजूषाही करीत. सोन्याचांदीच्या पत्र्यांवर आतून ठोकून आकृती उठवीत व ते पत्रे लाकडी सांगाड्यावर मढवीत. हस्तिदंतावर कोरीव काम करीत. फ्रान्समधील लिमोझ येथे तांब्यावर मिनाकाम केलेल्या मंजूषा बाराव्या-तेराव्या शतकांत मोठ्या संख्येने तयार झाल्या. कोलोन येथील तीन राजांची मंजूषा (सु. ११८०–१२२५) ही व्हर्दंच्या निकोलसशी निगडित असून तिच्यावरील प्रेषितांच्या मूर्ती जिवंत वाटतात.

ही परंपरा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर (१५०६–५२) यांचा देह चीनजवळच्या सांच्वान बेटावरून मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यास आणण्यात आला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा भाग वेगळा करून रोमला पाठविला गेला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले व १६२४ मध्ये देह बाँ जेझू चर्चमध्ये हलविण्यात आला. मार्चेल्लो मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाच्या पुढाकाराने गोमंतकीय रौप्यकारांनी १६३६-३७ मध्ये चांदीची मंजूषा घडविली. तिच्यावर संताच्या चरित्रातील प्रसंगांचे ३२ पत्रे आहेत. व्हेनिसच्या रुग्णालयातील सेवा, सांच्वानवरील मृत्यू, देहाचे गोव्यात आगमन असे त्यांचे विषय होत. काळाने ही कृती मध्ययुगीन नव्हे. पण मौल्यवान धातूत चरित्र मांडून पेटीलाच कथाफलक बनविण्याची तिची रीत मध्ययुगीनच आहे. मांडणी यूरोपीय असली, तरी दाट वेलबुट्टी व मोकळी जागा न सोडण्याची वृत्ती भारतीय हाताची साक्ष देते.

त्या हातांची नावे मात्र प्रचलित वर्णनांत येत नाहीत, मास्त्रिल्लीचे येते. गोव्याच्या १५६७ च्या धर्मपरिषदेने उपासनेच्या वस्तू ख्रिस्तीतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. मनाई करावी लागली, यावरूनच असे काम त्यांच्याकडे किती जात असे, याची कल्पना येते.

तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझीमो याने पाठविलेली, जोव्हान्नी बात्तीस्ता फोज्जीनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने सिद्ध केलेली संगमरवरी बैठक १६९८ मध्ये उभारण्यात आली. तिच्या चारी बाजूंस ब्राँझचे उठावफलक आहेत. बैठक भव्य खरी, पण तिच्यामुळे मंजूषा इतकी उंच गेली आहे, की गोमंतकीय रौप्यकारांनी उठविलेले बारकावे खाली उभ्या असलेल्या प्रेक्षकास नीट दिसत नाहीत.