मुलीचें नांव

घरांत मुलगी जन्माला आली कीं बाराव्या दिवसाच्या आंत एक प्रश्न सर्वांसमोर उभा राहतो : हिचें नांव काय ठेवावयाचें? आजी एक नांव सुचविते, आत्या दुसरें, आणि बाळाची आई मनांतल्या मनांत तिसरेंच धरून बसलेली असते. शेवटीं बारशाच्या दिवशीं आत्या पाळण्यावर वांकून बाळाच्या कानांत 'कुर्र' करिते, जमलेल्या बायका तिच्या पाठींत हलकेच धपाटे घालतात, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि एका जिवाला जन्मभर पुरणारा शब्द मिळतो. हा शब्द आपल्या महाराष्ट्रांत कसा निवडला गेला, कसा लिहिला गेला, आणि कित्येकदां कसा पुसलाही गेला, याविषयीं आज चार शब्द सांगावे असा विचार आहे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं या प्रश्नाचा बारकाईनें विचार केला होता. पारस्करगृह्यसूत्र सांगतें कीं मुलाच्या नांवांत अक्षरें सम असावीं, मुलीच्या नांवांत विषम असावीं, आणि तिचें नांव आकारान्त असावें. मनूचें म्हणणें असें कीं स्त्रीचें नांव उच्चारावयास सुलभ, अर्थानें स्पष्ट, मनाला आवडणारें, मंगल आणि शेवटीं दीर्घ स्वर असलेलें असावें. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु तोच मनु पुढें विवाहप्रकरणांत सांगतो कीं नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी यांचें नांव असलेली मुलगी वरूं नये. आतां आपल्या घरांतून रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, गोदावरी, मैना हीं नांवें काढून टाकलीं तर मागें उरतें काय? नदीकांठीं वाढलेल्या समाजानें या बाबतींत स्मृतीला नमस्कार केला आणि मुलीला नदीचें नांव ठेविलें, असेंच म्हणावें लागतें.

ज्योतिषाचीही अशीच गंमत आहे. सत्तावीस नक्षत्रें, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून एकशेंआठ आद्याक्षरें झालीं. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो आणि हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण'! त्या अक्षरांनीं आरंभ होणारें नांव कोणत्या आईला सुचावें? म्हणून पत्रिकेंतलें नांव पत्रिकेंत राहतें, आणि हांक मारावयाचें नांव घरचीं माणसें आपल्या मनाप्रमाणें निवडतात.

आतां लेखनाकडे वळूं. महाराष्ट्रांत दगडावर कोरलेल्या स्त्रीनामांपैकीं एक फार जुनें नांव जुन्नरजवळच्या नाणेघाटांत आहे. तें सातवाहन राजा सातकर्णी याच्या राणीचें. इतिहासाच्या पुस्तकांत आपण तिला नागनिका म्हणतों. परंतु तेथील प्रतिमेवरील प्राकृत लेखांत 'नायनिका' असें आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीच्या मातेचा लेख आहे. आपण तिला गौतमी बलश्री म्हणतों. लेखांत मात्र 'गोतमी' आणि 'बलसिरी' अशीं तोंडांत सहज बसणारीं रूपें आहेत. म्हणजे मुलीचें नांव संस्कृताप्रमाणें लिहावें कीं लोक उच्चारतात त्याप्रमाणें, हा प्रश्न सुमारें दोन हजार वर्षांचा जुना आहे. तेराव्या शतकांतील महानुभावांच्या ग्रंथांत महदाइसा, आउसा, उमाइसा अशीं नांवें भेटतात. शिवकालांत जिजाऊ आणि येसूबाई. हीं कोशांतून उचललेलीं नांवें नव्हत, घरांतल्या हांकेंतून तीं घडलीं.

येथपर्यंत नांव ठेवण्याची गोष्ट झाली. परंतु आपल्याकडे मुलीचें नांव एकदांच ठेविलें जात नसे. लग्न झालें कीं तांदुळांत अंगठीनें नवें नांव लिहिलें जाई आणि माहेरचें नांव माहेरींच राही. कल्याणास १८६५ सालीं जन्मलेली यमुना नऊ वर्षांची असतां गोपाळराव जोशी यांच्या घरीं गेली आणि आनंदी झाली. १८६२ सालीं जन्मलेली दुसरी एक यमुना १८७३ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या घरीं गेली आणि रमा झाली. तांबे यांची मणिकर्णिका झांशीस गेली आणि लक्ष्मीबाई झाली. गोखले यांची मनकर्णिका टिळकांकडे गेली, तीही लक्ष्मीबाईच झाली, आणि तिनें पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिलीं. गोदूबाईंनीं १८९३ सालीं अण्णासाहेब कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला, तेव्हां त्या आनंदीबाई झाल्या. या थोर स्त्रियांचीं चरित्रें आपण आदरानें वाचतों. परंतु त्यांच्या आईनें ज्या नांवानें त्यांना निजविलें, उठविलें, तें नांव आपल्यापैकीं कितीजणांना ठाऊक असतें?

आनंदीबाईंच्या नांवाची गोष्ट एवढ्यावर संपत नाहीं. त्या अमेरिकेस गेल्या, फिलाडेल्फिया येथें १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं पुण्यास वारल्या. १८८८ सालीं कॅरोलिन डॉल या अमेरिकन बाईंनीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. चरित्र प्रेमानें लिहिलेलें आहे. पण त्याच्या मुखपृष्ठावर नांव छापलें आहे तें 'आनंदाबाई' असें! जन्मतः यमुना, सासरीं आनंदी, आणि परदेशच्या छापखान्यांत आनंदा. बावीस वर्षांच्या आंत आटोपलेल्या त्या आयुष्याच्या वांट्याला तीन नांवें आलीं, आणि त्यांतलें एकही तिनें स्वतः निवडलेलें नव्हतें.

शुद्धलेखनाचा प्रश्न म्हणूनच मला क्षुल्लक वाटत नाहीं. लक्ष्मणाची पत्नी ऊर्मिला. तिचें पहिलें अक्षर दीर्घ आहे. सुनीता या नांवांतील 'नी' दीर्घ आहे, आणि शशिकला या नांवांतील 'शि' ऱ्हस्व. अदिति, स्मृति, प्रीति हीं नांवें संस्कृतांत ऱ्हस्वान्त. परंतु मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांप्रमाणें मराठींत व्यक्तिनामें दीर्घान्त लिहावयाचीं, म्हणून अदिती, स्मृती, प्रीती हींही रूपें शुद्धच ठरतात. माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाचा हात अद्याप ऱ्हस्वाकडे जातो, ती गोष्ट निराळी. दोहोंपैकीं कोणतेंही घ्यावें, पण जन्माच्या दाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरें आणि पारपत्रावर तिसरें असें करूं नये. इंग्रजी लिपींत तर दीपा हें दोन अक्षरी नांवही दोन-तीन तऱ्हांनीं लिहितां येतें. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणीच्या कायद्यानें जन्म कळविल्यावरही नांव मागाहून घालण्याची सोय ठेविली आहे, आणि पहिल्या वर्षांत त्यास शुल्क पडत नाहीं. तेव्हां घाईघाईनें कारकुनाच्या हातून लिहवून घेण्यापेक्षां चार दिवस थांबावें, नांव दोन्ही लिप्यांत कागदावर लिहून न्यावें, आणि नोंद झाल्यावर ती तेथेंच वाचून पाहावी.

परंतु याहून जड अशी एक गोष्ट सांगितल्यावांचून मला हें भाषण पुरें करतां येत नाहीं. एका खेड्यांतील शाळेंत मी शिक्षक असतां जून महिन्यांत एक आई मुलीला घेऊन आली. नांव विचारतांच तिनें मान खालीं घातली आणि म्हणाली, "नकुशी." घरांतली ती चौथी मुलगी. 'नको' असें देवाला कळवावें, म्हणजे पुढचा मुलगा होईल, अशी ती समजूत. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू अशींही नांवें ठेवीत. परंतु मुलें जगत नाहींत म्हणून या मुलाला दृष्ट लागूं नये, मृत्यूनें त्याला ओलांडून जावें, यासाठीं तीं असत. त्या ओबडधोबड नांवांच्या आड माया लपलेली होती. नकुशी या नांवाच्या आड कांहींच लपलेलें नव्हतें.

मीं तें नांव रजिस्टरांत वळणदार अक्षरांत लिहिलें. 'शी' लिहावा कीं 'सी', याचाही क्षणभर विचार केला. दुसरें नांव सुचवावें, हें मात्र माझ्या मनांत आलें नाहीं. सात वर्षांनीं शाळा सोडतांना तीच मुलगी टेबलापाशीं येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, दाखल्यावर दुसरं नांव लिवाल का?" मीं तिला नियम सांगितला. नियम खरा होता. पण तिचें नांव प्रथम लिहितांना कोणताही नियम माझ्या आड आलेला नव्हता. ती दाखला घेऊन, पदर नव्हता म्हणून ओढणीनें तोंड पुसत, निघून गेली.

पुढें २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत सातारा येथें जिल्हा प्रशासनानें या नांवाच्या २८५ मुलींना समारंभानें नवीं नांवें दिलीं, तसे दाखले दिले, आणि नांव निवडण्याचा अधिकार त्या मुलींना दिला. कोणी चित्रपटांतील तारकांचीं नांवें घेतलीं, कोणी देवतांचीं. ती वार्ता वाचली तेव्हां त्या यादींत आपली विद्यार्थिनी असेल काय, हा विचार मनांत आला. वयाच्या हिशेबानें ती नसणार, हें मला ठाऊक होतें.

श्रोतेहो, नाशिकच्या लेण्यांतील राजा आपल्याला 'गौतमीपुत्र' म्हणवितो, त्याच्या मागून आलेला पुळुमावी 'वासिष्ठीपुत्र'. आईचें नांव पुढें लावण्यांत त्या राजांना भूषण वाटत होतें. आतां १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नांवापुढें आधीं आईचें, मग वडिलांचें नांव आणि शेवटीं आडनांव अशी नोंद महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांत आवश्यक झाली आहे. म्हणजे आज पाळण्यांत जें नांव आपण मुलीला देऊं, तें तिच्याबरोबर संपणार नाहीं. पंचवीस-तीस वर्षांनीं तिच्या मुलाच्या आणि मुलीच्या नांवालाही तें लागेल. तेव्हां तें नांव असें निवडावें कीं तिला तें सांगतांना मान खालीं घालावी लागूं नये. आणि तें काळजीपूर्वक, शुद्ध लिहावें.